चिंपँझींसोबत दिवाळी करायची आहे? मग फराळ विसरा, किल्ला बांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली एक मुलगी तीन महिन्यांसाठी अमेरिकेतल्या चिंपँझी अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून जाते आहे. प्रयोगशाळांतून आणि करमणुकीच्या धंद्यातून सोडवलेले चिंपँझी तिथे राहतात. प्रत्येक स्वयंसेवकाला एक ‘पार्टी’ आखायला मिळते आणि तिची पाळी नेमकी दिवाळीत आली आहे. कंदील, पणत्या, रांगोळी, थोडा फराळ असं केलेलं चालेल का? आणि चिंपँझींना त्यातलं काही कळतं, की हे सगळं देणगीदारांच्या व्हिडिओसाठी असतं?

आधी शेवटच्या शंकेबद्दल. दिवाळी त्यांना कळत नाही. वाढदिवसही कळत नाही. सोडवून आणलेल्या अनेकांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते अभयारण्यात आले तो दिवसच साजरा करतात. त्यांना कळतं ते एवढंच की आज आवारात रोजच्यापेक्षा वेगळं काहीतरी मांडलंय, माणसांची लगबग चाललीय आणि कुठूनतरी मधाचा वास येतोय. व्हिडिओचं म्हणाल तर हो, तोही हेतू असतो. चिंपँझी पन्नाशी-साठीपर्यंत जगू शकतो. इतकी वर्षं पोसायचं तर देणगीदार लागतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त आखणी चिंपँझींकडे बघून व्हावी, कॅमेऱ्याकडे बघून नव्हे.

खरी अडचण निराळी आहे. रानातल्या चिंपँझीचा जवळजवळ निम्मा दिवस खाणं शोधण्यात आणि खाण्यात जातो. अभयारण्यात तेच खाणं चिरून, मोजून, बादलीतून समोर येतं आणि पंधरा मिनिटांत संपतं. उरलेल्या दिवसाचं करायचं काय? एनरिचमेंट म्हणतात तो हा रिकामा वेळ भरण्याचा उद्योग, आणि पार्टी म्हणजे त्याचंच सजवलेलं रूप. म्हणून ‘दिवाळीतलं काय काय देता येईल’ असं विचारू नका. ‘हातात पडल्यावर कशाचं अर्धा तास काम होईल, आणि त्यातलं काही कुणाच्या घशात, गळ्याभोवती किंवा डोळ्यात जाणार नाही’ असं विचारा. या कसोटीवर फराळ जवळजवळ सगळा बाद होतो आणि किल्ला झकास पास होतो.

पार्टी रोजच्या वेळापत्रकात बसवावी लागते, त्यामुळे ते आधी समजून घ्या. बारकावे जागेनुसार बदलतात, सांगाडा साधारण सारखाच असतो. सकाळी पहिलं काम मोजणी आणि नजर टाकणं: सगळे दिसले का, रात्रीत कुणाला जखम झाली का, कोण उठून पुढे आलं नाही, कुणाला जुलाब किंवा खोकला आहे का. मग औषधं. ती जाळीतून एकेकाला चमच्याने किंवा पातळ केलेल्या रसातून देतात, कारण एकाची गोळी दुसऱ्याच्या तोंडात जाऊन चालत नाही. न्याहारीला माकड-वानरांसाठी बनवलेली प्रायमेट बिस्किटं आणि फळं, नंतरच्या जेवणांत पालेभाज्या आणि कंदांवर भर. मधल्या वेळात सरकत्या दरवाजांनी त्यांना एका भागातून दुसऱ्या भागात नेतात आणि मोकळा झालेला भाग घासून धुतात. दुपार विश्रांतीची आणि एकमेकांचे केस निवडत बसण्याची; ती मोडू नये. संध्याकाळी पांघरुणं, गवत, कागदाच्या पट्ट्या द्यायच्या. रानात मोठा चिंपँझी रोज रात्री फांद्या वाकवून नवं घरटं करतो, आणि इथेही अनेक जण पांघरुणांची गोल चुंबळ केल्याशिवाय आडवे होत नाहीत. तुमचा बराच वेळ ही पांघरुणं धुण्यात जाणार आहे, एवढी मनाची तयारी ठेवा.

या सगळ्यात माणूस आणि प्रौढ चिंपँझी एका जागेत कधीच नसतात. मधे जाळी असते आणि जाळीपासून ठरावीक अंतरावर जमिनीवर एक रेघ. स्वयंसेवकाने ती ओलांडायची नाही. चिंपँझीची ताकद माणसाच्या पाचपट असते ही दंतकथा आहे. स्नायूंची मोजमापं घेतली तेव्हा वजनाच्या मानाने ती माणसाच्या सुमारे १.३५ पट भरली. पण बोटं तोडायला तेवढी पुरते, सुळ्यांचं बळ वेगळंच. त्यामुळे औक्षण, टिळा, हाताने घास भरवणं हे विषय इथेच संपले.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. अमेरिकेत चिंपँझींच्या निवृत्तीसाठी २००० साली कायदा झाला, आणि २०१५ साली बंदिस्त चिंपँझींनाही ‘संकटग्रस्त’ दर्जा मिळाल्यावर त्यांच्यावरचे शरीराला इजा करणारे प्रयोग जवळपास बंद झाले. याचा अर्थ तुम्हाला भेटणारे बहुतेक जण वयस्कर असतील. कुणाचे सांधे धरलेले, कुणाला दात कमी, कुणाला मधुमेह. बंदिस्त प्रौढ चिंपँझींच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदयविकार आहे. शिवाय प्रत्येकाचा इतिहास वेगळा. वर्षानुवर्षं लहान पिंजऱ्यात काढलेला एखादा गवतावर पाय टेकवायलाही कचरतो, तर माणसाच्या घरात वाढलेली एखादी, पिशवी दिसली की ती उघडून बघितल्याशिवाय राहत नाही. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात एवढंच विचारा: गटात किती जण आहेत, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण कशाला घाबरतं, कुणाला काय वर्ज्य आहे. ही माहिती हातात आल्याशिवाय आखणी कागदावर उतरवू नका.

मग किल्ला. आपल्याकडे मुलं दगड-मातीचा करतात. तिथे तो पुठ्ठ्याच्या खोक्यांचा करा. आठ जणांचा गट धरला तर लहानमोठी बारा-पंधरा खोकी पुरतात. खोकी निवडताना प्लास्टिकचा चकचकीत थर असलेली, मेणकापडासारखी गुळगुळीत आणि साबण-फिनाईलचा वास येणारी बाजूला काढा. चिकटपट्ट्या आणि लेबलं सोलून काढा. सुटत नसतील तर तेवढा भाग सरळ कापून टाका. मग प्रत्येक खोक्याच्या कडांवरून लोहचुंबक फिरवा. स्टेपलच्या पिना डोळ्यांना दिसत नाहीत, चुंबकाला सापडतात. चिकटवायला फेव्हिकॉल नको, मैद्याची खळ करा: एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं आणि गार करून त्याच दिवशी वापरायचं. मीठ, मोरचूद काही घालायचं नाही. आपल्याकडे खळीत कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात आणि ते विषारी असतं. चिकटवलेला भाग पंख्याखाली पूर्ण दोन दिवस वाळू द्या. आत ओल राहिली तर बुरशी धरते, आणि तो किल्ला मग सरळ कचऱ्यात जातो.

रचना अशी ठेवा. खालच्या खोक्यांत गवत गच्च भरून त्यात मूठभर सूर्यफुलाच्या बिया विस्कटून टाका; हे सर्वांत वेळ खाणारं काम. मधल्या खोक्यांत साध्या कागदात गुंडाळलेले रताळ्याचे, सिमला मिरचीचे तुकडे. बुरूज म्हणून पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या करा आणि दोन्ही तोंडांना कोबीच्या पानांचे बोळे कोंबा. माथ्यावर एखादी रंगीत, लांबून दिसणारी गोष्ट ठेवा, संत्रं किंवा ढोबळी मिरची, म्हणजे पहिला जवळ येतो. मावळे आणि महाराज मात्र कपाटातच राहू द्या. प्लॅस्टर आणि रंग पोटात जाण्याच्या गोष्टी नाहीत. किल्ल्यावर आपण अळीव पेरतो ते जरूर करा, फक्त वेगळ्या उथळ ट्रेमध्ये. ओल्या कापडावर अळीव चार-पाच दिवसांत बोटभर वर येतात, गहू आठवडा घेतात. ती हिरवळ ते बसून एकेक काडी उपटून खातात, आणि या सगळ्यात मला विचाराल तर तीच सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त वेळ रमवणारी गोष्ट आहे. बियाणं इथून नेऊ नका, विमानतळावर अडवतील, तिथेच मिळतं.

किल्ल्याचं हमखास काय बिघडतं, तेही सांगायला हवं. गटातला नंबर एकचा नर केस फुलवून, डुलत डुलत येतो आणि अर्ध्या मिनिटात त्यातून आरपार धावत जातो. दिवसभराची मेहनत भुईसपाट. हे अपयश नव्हे. खोकी विखुरली की खाणंही विखुरतं आणि दबलेल्यांना वाटा मिळतो. पण एकच किल्ला असेल तर बाकीचे जवळच येत नाहीत. म्हणून एक मोठा आणि तीन छोटे, वेगवेगळ्या खोल्यांत किंवा आवाराच्या वेगवेगळ्या टोकांना. साधा हिशोब असा: जितकी डोकी, त्याच्या दीडपट जागा. आठ जणांना बारा. दोन जागांमध्ये किमान तीन-चार मीटर अंतर, आणि एकही जागा अशी नको की जिथून बाहेर पडायला एकच वाट आहे. सर्वांत आवडता पदार्थ एकच नग असेल तर तो देऊच नका. भांडण लावायची हमखास युक्ती आहे ती. म्हाताऱ्यांसाठी त्यांच्या रोजच्या बसण्याच्या जागेपाशी, जमिनीलगत वेगळं ठेवा.

कंदील करता येतो, टांगता मात्र येत नाही. दोरी आली की गळफासाचा धोका आला. कुठलीही सुटी दोरी, रिबन, माळ जी गळ्याभोवती फिरू शकते ती बाद. बांबूच्या कामट्याही नकोत, त्यांची कुसळं घुसतात. जिलेटिन कागद प्लास्टिक आहे, घोटीव कागदाचा रंग सुटतो. तपकिरी कागद आणि खळ यांचा, आत पुठ्ठ्याचा सांगाडा असलेला कंदील करा. पोटात बिनमिठाचे कुरमुरे आणि चार-सहा भाजक्या भुईमुगाच्या शेंगा. शेंगा फोडून दोन-तीन बघा. काळपट किंवा कुबट निघाल्या तर पूर्ण पिशवी परत, कारण त्या बुरशीचं विष यकृताला बाधतं. असे कंदील त्यांच्या बसण्याच्या माच्यांवर आणि कोपऱ्यांत नुसते ठेवून द्यायचे.

पणती नाही. ज्योत तर नाहीच, मातीचीही नाही. फुटली की धारदार खापऱ्या होतात. त्याऐवजी कणकेचे दिवे करा, आपण दिव्यांच्या अवसेला करतो तसे उकडून, पण गूळ न घालता. लिंबाएवढा एक, प्रत्येकाला एकच, आणि वात लावायच्या खळग्यात उकडलेल्या लाल भोपळ्याचा गोळा. मध लावायचाच असेल तर दिव्यामागे पाव चमचा, तोही पशुवैद्यांनी होकार दिला तर. मधुमेही असेल त्याला फक्त भोपळा. आणि या दिव्यांतलं साखर-पीठ त्या दिवशीच्या फळांतून वजा करा. पार्टी म्हणून वरचं खाणं दिलं जातं आणि वजनं वाढतात, हे सगळीकडचं दुखणं आहे.

चिवडा, चकली, शंकरपाळे, लाडू: तेल, मीठ, साखर. चॉकलेट अजिबात नाही. एवढ्यात विषय मिटतो.

उसाचं मात्र वेगळं. वीतभर कांडकं हे उत्तम खाणं. ते चावून रस गिळतात आणि चोथ्याचा गोळा ओठात धरून बराच वेळ चोखत बसतात. तो थुंकला की घाबरू नका, रानातही फळांचं असंच करतात. दात नसलेल्यांना ऊस देऊ नका. अख्खा नारळ बघायला छान दिसतो, पण चिडलेल्या नराच्या हातात तो तोफगोळा होतो आणि जाळीवर आपटून करवंटीचे तुकडे तुमच्याकडे येतात. खोबऱ्याचे छोटे तुकडे पुरे.

फुलांबाबत जरा जास्त सावध राहा. हारवाल्याकडच्या झेंडूवर फवारणी असते, ती फुलं खाण्याची नसतात. फुलं द्यायचीच तर तिथे बिनफवारणीची वाढवलेली द्या. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांच्या जवळपासही जाऊ नका. पानं, फुलं, बिया सगळंच हृदयावर थेट परिणाम करणारं विष आहे. आपल्या पूजेच्या फुलांत ती सर्रास असतात म्हणून मुद्दाम लिहिलं. ओवायला सुतळी-दोरा नको. केळीच्या सोपटाच्या वीतभर पट्ट्या मिळाल्या तर त्यांनी जुड्या बांधा. सोपट चावून खाल्लं तरी बिघडत नाही.

रांगोळीची पूड दगडाची असते, डोळ्यात आणि फुप्फुसात जाते. चिरलेलं बीट, गाजर, काकडी आणि बिया जमिनीवर नक्षीत मांडा. नक्षी पाच सेकंदांत मोडेल, वेचणं बराच वेळ चालेल. फुगे, चमकी, एलईडीच्या माळा, बॅटरी असलेलं काहीही नको. ढोल हवा असेल तर झाकण नसलेली मोठी प्लास्टिकची पिंपं आडवी ठेवा. रानातले नर झाडांच्या रुंद मुळांवर हातापायांनी ढोल वाजवतात, पिंपं मिळाली की इथलेही वाजवतात. आपल्या पथकाचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावायची कल्पना मात्र डोक्यातून काढून टाका. बाहेरचा मोठा आवाज त्यांना थांबवता येत नाही, पिंप हवं तेव्हा सोडून जाता येतं.

प्रत्यक्ष दिवशी वेळ सकाळी न्याहारीनंतर तास-दीड तासाने ठेवा. भुकेल्या गटासमोर आवडीचं मांडलं तर मारामारी ठरलेली. चिंपँझी एका बाजूला गेले की दोन जणांनी स्वतंत्रपणे प्रत्येक कुलूप हाताने ओढून बघायचं. नंतर मांडणी. आत काय काय गेलं त्याची यादी फळ्यावर लिहायची: खोकी १५, कंदील १२, ट्रे ३. कात्री, चाकू, मार्करही मोजून आत आणि मोजून बाहेर. मांडणी करणारे सगळे बाहेर, पुन्हा कुलपं, पुन्हा दोन जणांची तपासणी. आत सोडताना शक्य तितके दरवाजे एकाच वेळी उघडायला सांगा. एकच उघडला तर दबंग त्यात ठाण मांडून बसतो आणि बाकीचे मागे ताटकळतात.

पहिली वीस मिनिटं नुसतं बघायचं. सर्वांत मोठी गफलत चेहऱ्याबाबत होते. दोन्ही दंतपंक्ती दाखवून ओठ मागे ताणलेला चिंपँझी हसत नसतो, घाबरलेला असतो. खेळाच्या मूडमधला चेहरा म्हणजे तोंड सैल उघडं आणि वरचे दात ओठाखाली झाकलेले. खाणं दिसल्यावरचं भराभर घुरघुरणं आनंदाचं. केस ताठ उभे राहणं, डुलणं, वाढत जाणाऱ्या हू-हू-हू आरोळ्या म्हणजे धिंगाणा जवळ आला. पाच मिनिटांत ओसरतो, मधे ओरडू नका. कुणी सारखं अंग खाजवतंय, झुलतंय किंवा स्वतःचे केस उपटतंय तर त्याच्यासाठी हे जास्त झालं. त्याला शांत खोलीकडचा दरवाजा उघडा आहे ना ते सांभाळणाऱ्यांना विचारा. जो आलाच नाही त्याला बोलावू नका, त्याचा वाटा तो आहे तिथे पोहोचवायला सांगा. वहीत तीनच गोष्टी लिहा: कोण किती वेळ गुंतलं, कुणाला काहीच मिळालं नाही, भांडण झालं तर कशावरून. आदल्या दिवशी त्याच वेळेची अशीच नोंद ठेवली असेल तरच पार्टीचा उपयोग झाला की नाही हे ठरवता येतं. दोन-तीन तासांनी ओलं खाणं उचला, नाहीतर मुंग्या-उंदीर येतात, आणि यादीशी ताडून बघा. सुका पुठ्ठा आणि गवत राहू द्यायला हरकत नसेल तर राहू द्या, रात्री बिछान्यात जातं.

फोटो जाळीबाहेरून, त्यात माणूस नको. चिंपँझीशेजारी माणूस दिसला की बघणाऱ्याला तो पाळण्यासारखा वाटतो, आणि त्या हौसेपायीच यातले काही जण चिंपँझीसारख्या आयुष्याला मुकले आहेत.

निघण्याआधी दोन कामं पुण्यातच उरकून घ्या. पहिलं, क्षयाची चाचणी. माणसाचे श्वसनाचे आजार चिंपँझींना पटकन लागतात, म्हणून ती मागतातच. आपण लहानपणी बीसीजी घेतलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तावरची इग्रा ही चाचणी चालेल का, हे आत्ताच मेल करून विचारा. तिथे असताना साधी सर्दी झाली तरी कामावर जायचं नाही, पार्टीचा दिवस असला तरी.

दुसरं, रंगीत तालीम. ती सिंहगडच्या किंवा घाटातल्या माकडांवर करू नका; रस्त्याकडेला खायला घालण्याने त्यांचं आधीच वाटोळं झालंय. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात तर प्राण्यांना काही खायला घालणं वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-जे नुसार गुन्हा आहे. तालीम घरीच करा. रद्दीवाल्याकडून खोकी आणा, खळ शिजवा, एक कंदील आणि एक बुरूज तयार करून त्याचे फोटो आणि साहित्याची यादी तिथल्या समन्वयकांना पाठवा. त्यांचे पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ काय खोडतात ते इथेच कळेल. मग तो नमुना बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी हाताने चुरगाळल्यावर सगळा लगदा झाला तर साहित्य ठीक आहे. कुठे पातळ पापुद्रा तसाच अखंड राहिला असेल तर तो प्लास्टिकचा थर आहे, आणि त्या प्रकारचं खोकं यादीतून काढायचं.